जमिनीखाली नसलेले बोगदे: थीम पार्कविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
थीम पार्कांचा इतिहास आणि रचना या विषयांवर लेख लिहिणारे, ध्वनिचित्रफिती तयार करणारे सर्वजण व त्यांचे संपादक

विषय: वारंवार छापल्या जाणाऱ्या चुकीच्या माहितीची दुरुस्ती

स. न. वि. वि.

आपले लेखन मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे, आणि आवड आहे म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. थीम पार्कांवर मजकूर पुष्कळ येतो. पण त्यातला मोठा भाग 'तुम्हाला ठाऊक नसलेली गुपिते' या एकाच साच्यातून निघालेला असतो आणि एकाने लिहिलेली चूक दुसरा जशीच्या तशी उचलतो. कचऱ्याच्या डब्यांचेच पाहा. वॉल्ट डिस्ने यांनी हॉट डॉग खात खात पावले मोजली आणि खाणे संपले तेथे डबा ठेवण्याचा नियम घातला, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी सांगितली आहे. फक्त एकाच्या कथेत पावले ३० असतात, दुसऱ्याच्या २७ आणि तिसऱ्याच्या २५. डबे तेथे जवळजवळ असतात, हे खरे. पण आकडा प्रत्येक वेळी बदलतो आणि तरीही प्रत्येक वेळी नेमकाच असतो, तेव्हा तो कोणीही मोजलेला नाही हे सुज्ञ संपादकाच्या ध्यानात यायला हवे.

या कथांचे एक वैशिष्ट्य असे, की उद्यानातला प्रत्येक निर्णय त्या एकाच प्रतिभावंताच्या डोक्यातून अचानक उगवल्याचे सांगतात. प्रत्यक्षात त्यामागे बहुधा जमिनीतले पाणी, हाताशी असलेला पैसा, उरलेले दिवस आणि तासाला किती माणसे पुढे सरकवायची याचा हिशेब असतो. हा हिशेब कथेइतका चटकदार नाही, असे आपल्याला वाटत असावे. मला तो जास्त चटकदार वाटतो, आणि तो का, हे काही उदाहरणांनी सांगतो.

आरंभ 'जगातले पहिले थीम पार्क' या बिरुदापासून करू. ते कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या डिस्नेलँडला सर्रास दिले जाते. त्याआधी ९ वर्षे, ऑगस्ट १९४६ मध्ये, इंडियाना राज्यातल्या सांताक्लॉज नावाच्याच गावी सांताक्लॉज लँड सुरू झाले होते आणि त्याचा सगळा विषय नाताळ हाच होता. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग उद्यानात चित्रकार अँटन पीक यांनी रेखाटलेले परीकथांचे वन १९५२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. अॅनाहाइमपासून अगदी जवळ असलेल्या ब्यूना पार्कमधल्या नॉट्स बेरी फार्मची हकिगत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वॉल्टर नॉट हे मूळचे बेरीचे शेतकरी. त्यांच्या पत्नी कॉर्डीलिया यांनी १९३४ मध्ये कोंबडीच्या जेवणाची ताटे विकायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांची इतकी रीघ लागली, की ताटकळणाऱ्यांना गुंतवून ठेवायला काहीतरी हवे झाले. त्यातून १९४० पासून जुन्या पश्चिमेकडच्या ओसाड वस्तीची प्रतिकृती असलेले घोस्ट टाउन उभे राहू लागले. म्हणजे आज राइडच्या रांगेला सजावट करणे ही आधुनिक क्लृप्ती मानली जाते. येथे रांग आधी होती आणि उद्यान तिच्यासाठी आले. त्या जागेला कुंपण आणि प्रवेशशुल्क १९६८ पर्यंत नव्हते.

आणखी मागे गेले, तर न्यूयॉर्कचे कोनी आयलंड लागते. पॉल बॉयटन यांनी १८९५ मध्ये तेथे सी लायन पार्क काढले; भोवती कुंपण आणि फाटकावर तिकीट ही पद्धत त्यात होती. त्याच जागेवर १९०३ मध्ये फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी यांनी लूना पार्क उभारले. थॉम्पसन यांची 'अ ट्रिप टू द मून' ही राइड १९०१ च्या बफेलो येथील प्रदर्शनात आधीच गाजलेली होती. प्रेक्षक पंख फडफडवणाऱ्या 'लूना' नावाच्या विमानात बसत, खाली शहर आणि मग पृथ्वी लहान होत जाताना पाहत, चंद्रावर उतरत, आणि तेथे पोशाख केलेली माणसे त्यांच्या हातावर हिरव्या चीजचे तुकडे ठेवत. कथा, वाहन, नेपथ्य, पात्रे आणि विषयाला धरून खाऊ, सगळे त्यात आले. हे घडले तेव्हा वॉल्ट डिस्ने यांचा जन्मही झालेला नव्हता. ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात जन्मले. शिवाय कोपनहेगनचे टिव्होली उद्यान १८४३ पासून सुरू आहे, आणि डिस्ने तेथे स्वतः जाऊन आले होते.

मग डिस्नेलँडने नवे काय केले, हा प्रश्न उरतो आणि तो विचारण्याजोगा आहे. एकच प्रवेशद्वार, बाहेरचे जग दृष्टीआड करणारा मातीचा बांध, मधोमध चौक आणि त्यातून फुटणारे रस्ते, प्रत्येक रस्त्याच्या टोकाला पाय ओढून नेणारी एखादी उंच वस्तू, आणि या सगळ्यात एकमेकांना खेटून वसलेले पूर्णपणे वेगळे प्रदेश: हे सर्व एकत्र, इतक्या काटेकोरपणे बांधणे हे त्याचे कर्तृत्व. 'पहिले' या शब्दाने ते झाकले जाते.

हे कर्तृत्वही एकट्याचे नव्हते. अर्थसाहाय्य मिळवण्यासाठी दाखवायचा पहिला मोठा विहंगम नकाशा हर्ब रायमन यांनी सप्टेंबर १९५३ मधल्या एका शनिवार-रविवारात काढला. आराखड्याची अनेक रूपे मार्विन डेव्हिस यांच्या टेबलावरून गेली. जागेचा शोध हॅरिसन प्राइस यांनी आकडेवारीने घेतला. झाडी बिल इव्हान्स यांनी लावली. प्रवेशद्वारातून आत नेणारा मेन स्ट्रीट हा रस्ता म्हणजे डिस्ने यांच्या बालपणीचे मार्सेलीन गाव, असे आपण बेधडक लिहिता. त्या रस्त्याची आरंभीची रेखाटने करणारे हार्पर गॉफ मात्र कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचे, आणि तेथल्या इमारतींचे नमुने त्यांनी त्यात आणले. मार्सेलीनच्या आठवणी खऱ्या असतील, पण विटा-कमानी फोर्ट कॉलिन्सच्या होत्या. चौक आणि त्यातून फुटणारे रस्ते हीच थीम पार्कची एकमेव शास्त्रशुद्ध मांडणी होय, असेही सांगितले जाते. पूर्वी एमजीएम या चित्रपट कंपनीचे कलादिग्दर्शक असलेल्या रँडल ड्युएल यांनी अमेरिकेतली अनेक उद्याने रचली, आणि त्यांची मांडणी एका मोठ्या फेऱ्याच्या रस्त्याची होती, जो चालणाऱ्याला सगळे दाखवत पुन्हा दाराशी आणतो. तिला 'ड्युएल लूप' म्हणतात. आपल्या लेखांत हे नाव मला फारसे भेटलेले नाही.

डिस्नेलँडच्या उद्घाटनाच्या दिवशी पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते, ते शीतपेये खपावीत म्हणून मुद्दाम बंद ठेवले होते, हा आरोप त्याच दिवशी झाला आणि अजून छापला जातो. त्या वेळी नळकारागिरांचा संप चालू होता. काम उरले होते आणि माणसे कमी होती, म्हणून पिण्याचे नळ पुरे करायचे की स्वच्छतागृहे, यातून एक निवडावे लागले आणि स्वच्छतागृहे निवडली गेली. वर्षभरात बांधलेल्या उद्यानाची ती ओढाताण होती. उन्हात ताजे डांबर मऊ पडून बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतत होत्या, ही गोष्टही त्याच घाईचा भाग आहे. तिच्यात मात्र अजून कोणी कट शोधलेला नाही.

आता त्या बोगद्यांकडे वळतो. मॅजिक किंग्डम या डिस्नेच्या फ्लोरिडातल्या उद्यानाच्या 'जमिनीखालच्या गुप्त बोगद्यां'वर किती ध्वनिचित्रफिती आहेत, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. ते कर्मचारीमार्ग खरोखरच आहेत, आणि कर्मचारी व सामान त्यांतून ये-जा करते. पण ते जमिनीखाली नाहीत. फ्लोरिडाच्या त्या भागात थोडे खणले, की पाणी लागते. म्हणून मार्ग जवळजवळ मूळ जमिनीच्या पातळीवरच बांधले, समोरचे सेव्हन सीज लगून खणताना निघालेली माती त्यांच्या भोवती भरली, आणि वर उद्यान उभारले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडल्यापासून तेथल्या मेन स्ट्रीटवर चालणारा प्रत्येक माणूस खरे तर पहिल्या मजल्यावर चालत आलेला आहे, आणि त्याच्या ते लक्षात येत नाही, कारण चढ लांबवर पसरलेला आणि हळुवार आहे. बोगदा खणणे कोणालाही सुचेल. खणता येत नाही म्हणून सगळे उद्यानच एक मजला वर उचलणे, ही खरी बातमी होती, आणि 'जमिनीखाली' या एका शब्दाने ती मारली गेली.

त्याच उद्यानातल्या १८९ फूट उंच किल्ल्याविषयी असे लिहिले जाते, की चक्रीवादळ आले तर तो सुटा करून ठेवता येतो. पोलादी सांगाड्यावर काँक्रीटच्या भिंती आणि वर फायबरग्लासचे मनोरे अशी ती पक्की इमारत आहे. वादळाची सूचना मिळाल्यावर ती कशी सोडवायची, हे एकदा कोणी क्रेन चालवणाऱ्याला विचारावे. उंचीच्या संदर्भात सांगितला जाणारा दुसरा मुद्दा, अमेरिकेत २०० फुटांच्या वर गेलेल्या बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लागतात, हा मात्र खरा आहे. म्हणून तर फ्लोरिडातल्याच डिस्नेच्या राइडपैकी टॉवर ऑफ टेररची उंची १९९ फूट आणि एक्स्पेडिशन एव्हरेस्टची १९९.५ फूट ठेवली गेली.

'मेन स्ट्रीटवरील सगळे काही ५/८ मापात आहे' या विधानाची चूक तर उभ्याउभ्या कळते. तळमजल्याच्या दारांतून खरी माणसे आत जातात. दार ५/८ केले तर कपाळमोक्ष होईल. खालचा मजला जवळपास पूर्ण मापाचा, त्यावरचा लहान, त्याहून वरचा आणखी लहान, अशी ती रचना आहे आणि त्यामुळे इमारत आहे त्यापेक्षा उंच भासते. किल्ल्याच्या भिंतीतही खालचे दगड मोठे आणि वरचे लहान दाखवलेले असतात. ५/८ हा आकडा बहुधा उद्यानाभोवती फिरणाऱ्या आगगाडीवरून सगळीकडे पसरला. तेथल्या रुळांमधले अंतर ३६ इंच आहे आणि प्रमाण रेल्वेचे ५६.५ इंच, भागाकार करून पाहिल्यास ५/८ च्या आसपासच उत्तर येते.

हाँटेड मॅन्शन या डिस्नेलँडच्या भुतांच्या वाड्याच्या राइडवर थोडे अधिक थांबतो, कारण एवढ्या चुका एका छपराखाली दुसरीकडे नाहीत. त्या वाड्याचा बाह्यभाग १९६३ मध्ये पुरा झाला आणि दार ऑगस्ट १९६९ मध्ये उघडले. मधली वर्षे तो बंद का, तर आतली भुते पाहून कोणीतरी भीतीने मेले म्हणून, अशी वदंता आहे. कारण साधे आहे. रचनाकारांची फळी १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या कामाला जुंपली गेली, पुढे डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले, आणि वाडा भीतिदायक करावा की गमतीदार, यावर एकमत व्हायला वेळ लागला. आत शिरल्यावर जी खोली ताणली जाते, ती कॅलिफोर्नियात म्हणजे चक्क उद्वाहन आहे आणि ती प्रेक्षकांना खाली नेते. मुख्य राइडची इमारत त्या मातीच्या बांधाच्या आणि आगगाडीच्या रुळांच्या पलीकडे आहे, माणसांना तिथवर पोहोचवायचे तर त्याखालून न्यावे लागते, आणि नेताना ती उतरत आहेत हे त्यांना कळू द्यायचे नव्हते. फ्लोरिडात ही अडचण नव्हती, म्हणून तेथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जाते. 'दोन्हीकडे एकच युक्ती' असे जेव्हा आपण लिहिता, तेव्हा ती खोली जन्माला का आली, हेच वाचकाला कळत नाही. कॅलिफोर्नियाच्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या राइडमध्ये नावा सुरुवातीलाच धबधब्यावरून खाली घसरतात, त्याचेही कारण हेच.

वाड्यात नाचणारी भुते होलोग्राम आहेत, असे विधान मी गेल्या महिन्याभरातच तीन ठिकाणी वाचले. ती होलोग्राम नाहीत. रात्री दिवा लागलेल्या खोलीत खिडकीपाशी उभे राहा: काचेतून बाहेरचे झाड दिसते आणि त्याच झाडावर आपला चेहराही दिसतो, खोलीतला दिवा मालवला, की चेहरा जातो आणि झाड राहते. एवढेच तत्त्व आहे. वाड्यात प्रेक्षकांच्या समोर मोठमोठ्या काचा उभ्या केल्या आहेत, हलणाऱ्या बाहुल्या प्रेक्षकांच्या मार्गाच्या खाली आणि वर लपवल्या आहेत, आणि त्यांच्यावर प्रकाश पडला, की त्यांचे प्रतिबिंब समोरच्या दालनात तरंगते. हा प्रयोग जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये गाजवला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. १०० वर्षांहून जुनी नाट्यगृहाची करामत लेसरच्या नावावर खपवणे मला अन्यायाचे वाटते.

त्याच वाड्यातल्या काळ्या गाड्या कधी थांबत नाहीत, त्या प्रेक्षकाचे तोंड भुताकडे वळवता यावे म्हणून, असे सांगतात. तोंड वळवणे हा लाभ झालाच, पण न थांबण्याचे कारण गणिताचे आहे. समजा, दर ३ सेकंदांनी २ माणसांची एक गाडी पुढे गेली, तर तासाला २,४०० माणसे होतात. तीच गाडी चढ-उतारासाठी प्रत्येक वेळी उभी करावी लागली, तर मागची सगळी साखळी खोळंबते. म्हणून चढ-उताराच्या जागी चालता पट्टा आला आणि माणसे चालत्या गाडीत बसू लागली. उद्यान रचणारे लोक राइडविषयी बोलताना आधी हाच 'तासाला किती' आकडा विचारतात. आपल्या क्रमवाऱ्यांत उंची असते, वेग असतो. हा आकडा नसतो.

रोलर कोस्टरच्या बाबतीत 'जनक' शोधण्याचा सोस आवरावा, ही विनंती. लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये कोनी आयलंडला स्विचबॅक रेल्वे उभारली, ५ सेंटांत ताशी सुमारे ६ मैल वेगाचा प्रवास दिला, आणि धंदा म्हणून तो यशस्वी केला. परंतु रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्या त्याहून कितीतरी जुन्या आहेत आणि पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या १८१७ मध्येच रुळांत अडकवून सोडल्या जात होत्या. दुसऱ्या टोकाला, १९५९ चे डिस्नेलँडचे मॅटरहॉर्न हे 'पहिले आधुनिक कोस्टर' म्हणून मिरवले जाते. नळीसारख्या पोलादी रुळांचा तो पहिला कोस्टर, इतके म्हटले की पुरे, आणि ते रूळ अॅरो डेव्हलपमेंटच्या कार्ल बेकन व एड मॉर्गन यांच्या कारखान्यातून आले, हेही म्हणावे.

चढावर ऐकू येणारी ती 'कट् कट् कट्' साखळीची असते, असे जवळपास सर्वांनी लिहिले आहे. साखळी तिचा खरखराट करतेच, पण तो ठेका वेगळ्या वस्तूचा असतो. गाडीच्या पोटाशी एक लोखंडी खिट्टी लोंबत असते आणि रुळांच्या मध्ये करवतीसारख्या दातांची पट्टी असते. गाडी वर जाताना खिट्टी प्रत्येक दातावर चढते आणि पलीकडे पडते. पडताना आवाज होतो. गाडी मागे सरकू लागली, तर तीच खिट्टी दाताला अडते आणि गाडी जागच्या जागी थांबते. ज्या आवाजाने लोक घाबरतात, तो सुरक्षेचा आवाज आहे.

आणि उलट्या वळशात पट्टा असतो म्हणून माणूस पडत नाही, हा समज. वळशाच्या माथ्यावर गाडी पुरेशा वेगात असेल, तर आसनच माणसाला दाबून धरते. पट्टा गाडी अडकली तर काय, यासाठी असतो. अडचण माथ्यावर नसून तळाशी असते. वळसा पूर्ण वर्तुळाचा केला, तर माथ्यावर रूळ न सोडण्यापुरता वेग राखायचा झाला तरी तळाशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या किमान ६ पट भार सोसावा लागतो, मग वळसा कितीही मोठा असो. १८९५ च्या फ्लिप फ्लॅप या गोल वळशाच्या कोस्टरने लोकांच्या माना दुखवल्या, त्या यामुळे. उपाय असा, की तळाशी वक्रता सैल ठेवावी आणि माथ्याकडे आवळत न्यावी. तोच आज दिसणारा पाण्याच्या थेंबासारखा आकार. अँटन श्वार्झकोफ आणि वेर्नर स्टेंगेल यांनी तो १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन उद्यानात 'रेव्होल्यूशन' या कोस्टरवर बसवला. आपण त्याला 'दिसायला सुंदर म्हणून निवडलेला आकार' म्हटलेले मी वाचले आहे.

बाकीचे थोडक्यात. वॉल्ट डिस्ने यांचा देह कुठल्याही राइडखाली गोठवून ठेवलेला नाही. त्यांचे दहन झाले. टोकियो डिस्नेलँड डिस्ने कंपनीच्या मालकीचे नाही, ते ओरिएंटल लँड कंपनीचे आहे. १९८२ मध्ये उघडलेले फ्लोरिडातले एपकॉट उद्यान म्हणजे डिस्ने यांचे पुरे झालेले स्वप्न नव्हे. त्यांच्या मनात सुमारे २०,००० रहिवाशांचे खरेखुरे शहर होते. एकाच तिकिटात सगळ्या राइड हीही डिस्नेची देणगी नाही; टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्ज उद्यानात ती सोय १९६१ पासून होती आणि डिस्नेलँडमध्ये राइडनिहाय तिकिटे १९८२ पर्यंत चालली.

एका संपादकांना यांतली एक दुरुस्ती मी पूर्वी कळवली होती. 'वाचकांना गोष्ट आवडते' असे उत्तर आले. गोष्ट मलाही आवडते. पाण्यामुळे वर उचललेले उद्यान, बांधाखालून जाण्यासाठी ताणली जाणारी खोली आणि जेवणाच्या रांगेसाठी उभे राहिलेले गाव याही गोष्टीच आहेत. तेव्हा माझे मागणे माफक आहे. यापुढे 'गुपित' लिहिताना त्यामागे कोणती अडचण होती आणि ती कोणी सोडवली, याची एक ओळ द्यावी, आणि ती देता येत नसेल, तर ते गुपित वगळावे. जुन्या मजकुराची दुरुस्ती एकदम होणार नाही, हे मला कळते. सुरुवात बोगद्यांपासून करावी, असे सुचवतो. त्यासाठी फक्त 'जमिनीखालचे' हा शब्द खोडून 'तळमजल्यावरचे' असे लिहावे लागेल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक